‘रूड’ कोण?

मालवणातील एका सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी मासे विकणारी एक वृद्धा आतल्या साहेबांना विचारीत होती, “तीन म्हयने झाले. माजो कागद खंय आसा ता सांग.” निराधार अनुदानाच्या अर्जाची ती चौकशी होती. साहेब शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, “किती रूड बोलतात ही माणसं!”

या इंग्रजी शब्दाचे मूळ पाहण्याजोगे आहे. लॅटिनमधील ‘रुडिस’ म्हणजे कच्चे, न घडविलेले. इंग्रजीत असभ्य माणसाला आणखी एक शब्द आहे, ‘बूर’. तो शेतकरीवाचक डच शब्दाशी निगडित आहे. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज दक्षिण आफ्रिकेत ज्या बोअरांशी लढले, त्यांचे नावही त्याच मुळाचे. ‘व्हिलन’ हा तर मूळचा जहागिरीवर राबणारा कूळ! म्हणजे राबणाऱ्याचे नाव हीच शिवी झाली. यात इंग्रजांनाच दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. ‘सभ्य’ म्हणजे सभेत बसण्यास योग्य. सभेत कोणाला बसू देत, हे सांगावयास नको. ‘ग्राम्यता’ हा आपल्या काव्यशास्त्रात दोष मानला गेला आणि ‘गावंढळ’ आपण आजही सहज बोलून जातो.

मालवणीत देवालाही गाऱ्हाणे घालतात ते अरेतुरेनेच. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या तोंडची हीच बोली शहरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. तिकीट काढून ऐकली की ती खुमासदार. खिडकीपलीकडून हक्क विचारू लागली की मात्र रूड.

आपल्या ‘उद्धट’ या शब्दाच्या मुळाशी ‘उद्धत’ आहे, म्हणजे वर उचललेला, उंच चढलेला. हा अर्थ मला अधिक न्याय्य वाटतो. तीन महिने अत्यंत मृदू स्वरात ‘उद्या या’ म्हणणारा माणूस त्या अर्थाने कोण ठरतो, याचा कार्यकर्त्यांनी विचार करावा.

आणि थोडा आपलाही. त्या बाईंना स्मरणपत्र मीच लिहून दिले. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ येथून ‘कृपा व्हावी ही नम्र विनंती’ येथवर सारे यथासांग होते. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मास्तरानु, ह्येच्यात मी इचारलंय ता खंय आसा?”