“डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काहीतरी लिहून द्या ना!”

दवाखान्यात हे वाक्य सारखं कानावर येतं. पेशंटच्या मोबाइलवर कुठल्या तरी काढ्याची नाहीतर कॅप्सूलची जाहिरात असते. मी नाही म्हणतो. का, ते एका चिमुकल्या एन्झाइमच्या उदाहरणाने सांगतो.

आपल्या पेशीत निरोप पोहोचतात ते बरेचदा प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून. चिकटवणारं एन्झाइम म्हणजे कायनेज, काढून टाकणारं फॉस्फटेज. विषाणू आल्याची वर्दी इंटरफेरॉन देतं. मग पेशीतल्या स्टॅट-१ या प्रथिनावर फॉस्फेट बसतो, ते केंद्रकात जातं आणि बचावाची जनुकं जागी होतात.

आता व्हॅक्सिनिया विषाणू घ्या. देवीची लस म्हणजे हाच जिवंत विषाणू. आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या दंडावरचा व्रण त्याचाच. त्याच्याकडे व्हीएच-१ नावाचं स्वतःचं फॉस्फटेज आहे, हे १९९१ मध्ये कळलं. हे एन्झाइम तो तयारच बरोबर घेऊन येतो, पेशीत शिरल्यावर बनवत बसत नाही. स्टॅट-१ वरचा फॉस्फेट ते काढून टाकतं, आणि निरोप वाटेतच विरतो. रचनाही बेरकी आहे. एन्झाइमच्या खाचेत सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, त्यातला गंधक फॉस्फेटला पकडतो. आपल्या काही फॉस्फटेजांची खाच खोल असते, त्यामुळे तिथे फक्त टायरोसिनवरचा फॉस्फेट पोहोचतो. व्हीएच-१ ची खाच उथळ, म्हणून सेरीन आणि थ्रिओनिनवरचेही चालतात. प्रत्यक्ष देवीच्या विषाणूकडे जवळजवळ असंच एन्झाइम होतं. (हर्पिसचा विषाणू आणखी चलाख. एक प्रथिन पुढे करून तो आपल्याच पेशीतलं फॉस्फटेज कामाला लावतो.)

म्हणजे इथे वर्दी कमी पडलेली नसते, तार कापलेली असते. मग काढा पिऊन वर्दी आणखी मोठ्याने कशी देणार? प्रत्येक विषाणूची युक्ती वेगळी, हे खरं. पण म्हणूनच ‘सगळ्यांवर एकच बूस्टर’ हा दावा मला पटत नाही. तुम्हाला मधुमेह असेल, आहारात प्रथिनं कमी असतील, तर प्रतिकारशक्ती खरोखर घटते; ते तपासू आणि त्यावर इलाज करू.

मग या एन्झाइमलाच रोखणारं औषध का नाही, असं विचाराल. अडचण अशी की आपल्या पेशींतही त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. एकाचं तर नावच व्हीएच-१ शी साम्य असल्यामुळे व्हीएचआर पडलं. औषधाने फक्त विषाणूचंच एन्झाइम बंद पाडायचं, हे कठीण.

लस मात्र या भानगडीत पडत नाही. लसीमुळे तयार झालेल्या अँटिबॉडीज विषाणूला पेशीच्या बाहेरच गाठतात, तार कापायची संधी मिळण्याआधी. गंमत म्हणजे देवीच्या लसीतल्या विषाणूकडेही ही कात्री होतीच, तरी त्याच लसीने १९८० पर्यंत देवी जगातून गेली. त्यामुळे पुढच्या वेळी येताना जाहिरातीऐवजी लसीकरणाचं कार्ड घेऊन या. राहिलेल्या लसी बघून टाकू.