मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या दोन वाटा

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली आणि शल्यविशारदाने ‘रोबोट’ हा शब्द उच्चारला, की सारे घर हवालदिल होते. परंतु हे यंत्र आपण होऊन काहीच कापीत नाही. शल्यविशारद शेजारच्या आसनावर बसून त्याचे हात चालवीत असतो.

१८६९ साली हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमॉन यांनी एक मूत्रपिंड समूळ काढूनही रोगी जगू शकतो, हे दाखविले. आज लहान गाठ असल्यास शक्यतो तेवढीच काढून बाकीचे मूत्रपिंड राखतात. त्यासाठी धमनी काही वेळ चिमट्याने बंद ठेवावी लागते. तो अवधी अर्ध्या तासाच्या आत असावा, ही सारी धडपड.

मूत्रपिंड वसते उदरावरणाच्या मागे. पोटातून गेल्यास जागा ऐसपैस मिळते आणि खुणाही ओळखीच्या असतात. मात्र आतडे बाजूस सारावे लागते. कुशीच्या मागून गेल्यास धमनी लवकर हाती लागते व आतड्यास सहसा धक्का लागत नाही. गाठ मागील अंगास असेल, किंवा पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाल्या असतील, तर ही वाट सोयीची. जागा मात्र चिंचोळी, सराव नसलेल्याने तीत शिरू नये!

गाठ नीट निघण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा तुल्यबळ आहेत. तेव्हा आपण यंत्राची थोरवी विचारू नका. गाठ पुढे आहे की मागे, आणि आपला हात कोणत्या वाटेवर अधिक बसला आहे, एवढे शल्यविशारदांना अवश्य विचारा.