लाजेला शालीनता म्हणू नका

स्त्रियांच्या आजारांविषयी धर्मगुरूने लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्यांना मी मार्काच्या शुभवर्तमानातील त्या स्त्रीची आठवण करून देतो. बारा वर्षे ती रक्तस्रावाने पिडली होती; वैद्यांपायी तिचे सारे द्रव्य संपले होते. ती गर्दीत लपून आली. प्रभूने मात्र तिला पुढे बोलावले, तिचे सारे ऐकून घेतले आणि मुलगी म्हणून तिला संबोधले. हा प्रसंग आपण श्रद्धेचा म्हणून सांगतो. तो एका स्त्रीच्या गुप्त आजाराचाही आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

हा विसर किती महाग पडतो, ते आपल्याच महाराष्ट्रातील एका स्त्रीने जगाला दाखवून दिले. डॉ. राणी बंग यांनी पती डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. त्या काळी मातेच्या आरोग्याचा विचार म्हणजे बहुधा बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार! त्यांत निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा. पूर्वी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. आणि ४५ टक्के स्त्रियांची तर काहीच तक्रार नव्हती. त्यांतल्याही पुष्कळ जणी आजारी निघाल्या. जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना आपली दृष्टी तपासून पाहावी लागली.

“ते जंगलातल्या गावांचे झाले, आमच्या कोलशेतला काय कमी आहे?” असे कोणी म्हणेल. खाडीकाठच्या या गावाभोवती आज उंच इमारती उभ्या आहेत, ठाण्यातील इस्पितळे हाकेच्या अंतरावर आहेत, हे खरे. परंतु लाजेचे अंतर रिक्षाने कापता येत नाही. ‘अंगावरून जाते’ हे आईला सांगायला मुलगी कचरते, सासूला सांगायला सून कचरते, आणि नवऱ्याला तर ते ऐकायचेच नसते. या मुकेपणाला आपण शालीनता म्हणतो आणि वर त्याला पवित्र मरियेचे नाव जोडतो. मरियेने तर आपल्या गर्भारपणाची वार्ता घेऊन डोंगराळ प्रदेशातील अलिशिबेचे घर गाठले होते!

संसर्ग अंगावर काढला तर गर्भनलिका बंद होऊ शकते, गर्भ नलिकेतच राहून जिवावर बेतू शकते, मूल दिवस भरण्याआधी जन्मू शकते. मूल झाले नाही की ‘वांझ’ हा शब्द मात्र स्त्रीच्याच वाट्याला येतो. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगात एकट्या पत्नीने औषध घेऊन भागत नाही. पतीने उपचार टाळले तर तिला तो रोग पुन्हा जडतो. लग्नाच्या वेदीसमोर ‘सुखात आणि दुःखात’ साथ देण्याचे वचन देणाऱ्या पुरुषाला डॉक्टरच्या दारात मात्र अब्रू आठवावी, याला काय म्हणावे?

दोष केवळ कुटुंबांचा नाही. व्रतस्थ भगिनींनी बाळंतपणाचे वैद्यकीय काम करू नये, असा ख्रिस्तसभेचाही दंडक होता. १९२० साली रावळपिंडीला आलेल्या डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या स्त्रियांचे मरण डोळ्यांनी पाहिले आणि त्या रोमशी झगडल्या. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, ती बंदी उठली. ज्या लाजेला आपण धर्म समजत होतो ती धर्म नव्हती, हे रोमने मान्य केले. आपण केव्हा करणार?

माझे मागणे साधे आहे. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात एक सत्र स्त्री-डॉक्टरचे असावे आणि त्याला वरही बसावा. महिला मंडळाने वर्षातून एकदा तरी तपासणीचे शिबिर भरवावे. आणि आम्हा धर्मगुरूंनी त्याची सूचना रविवारच्या मिस्सेत, खाली मान न घालता, वाचून दाखवावी. प्रभूने त्या स्त्रीला भर गर्दीत बोलते केले. आपण निदान तिला घरात तरी बोलू द्यावे.