आधी श्वास मोजा, मग नाकाला हात लावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की माझ्या दवाखान्यात चोंदलेल्या नाकांची गर्दी होते. कुणी हमाल, कुणी तोलाईवाला. "डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन सांगितलंय," म्हणत फाईल पुढे करतात. फाईलमध्ये फोटो असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात. पण नाकातून हवा किती जाते, याचा आकडा कुठेच नसतो.

मला हे पटत नाही. श्वास घेताना हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या नाकात असतो. शिवाय दोन नाकपुड्यांमधला पडदा थोडाफार वाकडा असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात. मग नुसता वाकडेपणा पाहून चाकू का उचलायचा?

मोजायचं साधन हातात मावतं, त्याला वीजही लागत नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, ओठ मिटायचे आणि नाकानं जोरात श्वास ओढायचा. मिनिटाला किती लिटर हवा आत गेली, ते नळीवरची खूण दाखवते. तीनदा ओढून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. मग नाक मोकळं करणारे थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला, तर मुख्य दोष आतल्या सुजेचा. धूळ टाळणं, तोंडाला फडकं आणि नाकातला औषधी फवारा यांनी आधी उपचार व्हावेत. आकडा जागचा हलला नाही, तर ऑपरेशनचा विचार रास्त.

दोन्ही नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीनं भरतात आणि मोकळ्या होतात. कायझर या जर्मन डॉक्टरनं हे 1895 मध्येच नोंदवलं. थेंबांनी दोन्ही बाजू मोकळ्या होऊन हा फरक पुसला जातो, म्हणूनही थेंबांनंतरचं मोजमाप महत्त्वाचं. प्रत्येक नाकपुडीचा दाब आणि प्रवाह वेगळा मोजणारं ऱ्हायनोमॅनोमीटर मोठ्या रुग्णालयांसाठी आहे.

आकडा आणि रुग्णाची तक्रार नेहमी जुळत नाहीत, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. पुदिन्याच्या अर्कानं हवा न वाढताही नाक मोकळं वाटतं. म्हणून रुग्णाला विचारायचंही आणि मोजायचंही.

कराड आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे मोजमाप प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून झालं पाहिजे. ऑपरेशनआधी आणि तीन महिन्यांनी, दोन्ही आकडे केसपेपरवर सक्तीनं यावेत. हमालाची महिनाभराची हजेरी बुडते. त्या बदल्यात श्वास किती वाढला, हे त्याला कळायलाच हवं. तोवर रुग्णांनीच विचारावं: थेंबांआधी किती, थेंबांनंतर किती?