त्रिशंकु कोण?

शाळेच्या वार्षिकांत निवडणुकीची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं पालकांच्या मनांत येईल, व तो रास्तहि आहे. पक्षाभिमानाचा वारा मुलांस जितका उशिरां लागेल तितका बरा, असें आम्हीहि मानतों. परंतु नागरिकशास्त्राच्या तासाला 'बहुमत' हा शब्द आपण एका ओळींत शिकवून पुढें जातों, आणि घरीं बातम्या ऐकतांना मुलगा विचारतो, "सर्वांत जास्त जागा ज्याच्या, तोच जिंकला ना? मग सरकार दुसऱ्याचें कसें?" या प्रश्नास वडिलांकडून मिळणारें उत्तर बहुधा वैतागाचें असतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, एका वर्गांत ५१ विद्यार्थी आहेत. वर्गप्रमुखाच्या जागेसाठीं तिघे उभे राहिले; एकास २०, दुसऱ्यास १८ व तिसऱ्यास १३ मतें पडलीं. पहिल्याचीं मतें सर्वांत अधिक खरीं, परंतु ३१ जणांस तो नको होता हेंहि तितकेंच खरें. वर्गांत एवढ्यावर भागतें. विधानसभेंत भागत नाहीं; कारण तेथें सरकारला केवळ निवडून येऊन चालत नाहीं, पुढें प्रत्येक अर्थसंकल्पास, प्रत्येक अविश्वासाच्या ठरावास निम्म्याहून अधिक सभासदांचा आधार दाखवावा लागतो. महाराष्ट्राच्या सभागृहांत २८८ जागा आहेत. तेव्हां हा आंकडा १४५ होतो. तो कोणासच गांठतां आला नाहीं, म्हणजे वर्तमानपत्रें 'त्रिशंकु विधानसभा' असा मथळा देतात आणि मतदारानें गोंधळ केला असें लोक बोलूं लागतात.

हा आरोप आम्हांस मान्य नाहीं. एका पक्षास स्वबळावर बहुमत मिळालें तें १९८५ सालीं काँग्रेसला, तें शेवटचें. १९९० मध्यें तोच पक्ष १४१ वर थांबला. १९९५ सालीं काँग्रेसचे ८०, शिवसेनेचे ७३ व भारतीय जनता पक्षाचे ६५ उमेदवार विजयी झाले. युतीस सात जागा कमी पडल्या आणि ४५ अपक्षांचा भाव एकाएकीं वधारला. १९९९ सालीं, म्हणजे भंडाऱ्यापासून निराळा होऊन आपला गोंदिया जिल्हा जन्मास आला त्याच वर्षीं, कांहीं महिन्यांपूर्वींच दुभंगलेले काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढले व निकालानंतर एकाच मंत्रिमंडळांत बसले. २०२४ पर्यंतच्या लागोपाठ आठ निवडणुकांत एकाहि पक्षाला १४५ जागा मिळालेल्या नाहींत. जी गोष्ट आठ वेळां घडते तिला अपघात कसें म्हणावें?

आतां २०१९ चें उदाहरण पाहूं. त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला मतदान झालें व २४ ला मोजणी. आपल्या जिल्ह्याच्या चार मतदारसंघांनीं चार निराळीं उत्तरें दिलीं. तिरोड्यांतून भाजपचे विजय रहांगडाले आले, आमगांवांतून काँग्रेसचे सहसराम कोरोटे, अर्जुनी-मोरगांवांतून अवघ्या ७१८ मतांच्या फरकानें राष्ट्रवादीचे मनोहर चंद्रिकापुरे, आणि गोंदिया शहरांतून अपक्ष विनोद अग्रवाल. सबंध विधानसभेची जणूं ही लहानशी प्रतिकृतीच!

राज्यांत भाजपला १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. परंतु पहिल्या दोहोंनीं मतें मागितलीं होतीं तीं जोडीनें. १०५ आणि ५६ मिळून १६१ होतात. तेव्हां २४ ऑक्टोबरच्या सायंकाळीं विधानसभा त्रिशंकु नव्हती. जनतेनें आपला कौल स्पष्ट दिला होता. ती त्रिशंकु झाली ती पुढें, मुख्यमंत्रिपदावरून. तें पद दोघांनीं समसमान काळ वांटून घ्यावयाचें ठरलें होतें, असें शिवसेना म्हणे; तसें कांहींच ठरलें नव्हतें, असें भाजप म्हणे. बंद खोलींतल्या बोलण्यास साक्षीदार नसतो. सबब कोणाचें खरें याचा निवाडा आम्ही करूं शकत नाहीं, व तें आमचें कामहि नव्हे.

पुढें काय झालें तें मोठ्यांस ठाऊकच आहे. विद्यार्थ्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. राज्यपालांनीं तीन पक्षांस एकामागून एक विचारलें, व १२ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या पहांटे ती उठली आणि सकाळींच देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधि झाला. २६ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, दुसऱ्या दिवशीं पांचच्या आंत सभागृहांत उघड मतदान घ्यावें. त्याच दिवशीं तें सरकार पायउतार झालें. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनीं शपथ घेतली. निकालापासून पस्तीस दिवस गेले.

हे पस्तीस दिवस आपल्या जिल्ह्यांत कोणत्या कामाचे असतात हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान कापणीस आलेला असतो, कडपा बांधींत पडलेल्या असतात. त्या वर्षीं अवकाळी पावसानें राज्यांत ठिकठिकाणीं उभीं व कापलेलीं पिकें नासलीं. भरपाई जाहीर करावयास मंत्रिमंडळच नव्हतें. अखेर १६ नोव्हेंबरला राज्यपालांनीं खरिपाच्या पिकांस हेक्टरीं ८,००० रुपये, तेंहि दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, जाहीर केले. रक्कम पुरेशी होती कीं नव्हती हा वाद निराळा. परंतु मुंबईंत खुर्च्यांची वांटणी चालली असतां ज्याचा धान पाण्यांत सडत होता, त्याच्या प्रश्नास सभागृहांत उत्तर देणारा एकहि मंत्री त्या वेळीं नव्हता, एवढें विसरतां येत नाहीं.

पुराणांतील त्रिशंकूस विश्वामित्रानें सदेह वर पाठविलें व इंद्रानें खालीं ढकललें. दोन समर्थांच्या हट्टांत सांपडून तो मध्येंच लोंबकळला. त्याचा स्वतःचा अपराध असलाच तर एवढाच कीं, त्यानें एकाच्या वचनावर विश्वास ठेवला. मग आम्ही विचारतों, २०१९ सालीं त्रिशंकु कोण होता? सभागृह कीं मतदार?

आपल्या कायद्यांत येथें एक मोठी फट आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें आमदारास पक्षाशीं बांधलें. एकतृतीयांश सभासदांनीं फुटून निघण्याची जी पळवाट होती ती २००३ मध्यें बुजविण्यांत आली. (तरीहि २०२२ मध्यें शिवसेना व २०२३ मध्यें राष्ट्रवादी दुभंगली, हें वेगळें सांगणें नको.) एकट्या आमदारानें पक्ष सोडला तर त्याचें सदस्यत्व जाऊं शकतें, परंतु सबंध पक्षानें मतदारांसमक्ष जोडलेली मैत्री मोडली तर कोणाचेंच कांहीं जात नाहीं. हा कोठला न्याय?

आमचें म्हणणें इतकेंच कीं, जे पक्ष जोडीनें मतें मागतात त्यांनीं आपसांतला करार लेखी करून मतदानापूर्वीं प्रसिद्ध करावा: कार्यक्रम कोणता, मुख्यमंत्री कोण, किती काळ. जर्मनींत संयुक्त सरकार बनविणारे पक्ष आपला करार छापून लोकांपुढें ठेवतात. आपल्याकडे 'किमान समान कार्यक्रम' निघतो, पण तो बहुधा मतें पडून गेल्यावर. कोणी म्हणेल, परिस्थिति बदलते, मित्र अन्यायी निघतो, पक्षानें जन्मभर बांधून कां घ्यावें? बरोबर आहे. त्यानें अवश्य निघून जावें. मात्र लेख पुढें असला म्हणजे कोणतें कलम कोणी मोडलें हें सभागृहांत उभें राहून सांगावें लागेल, आणि ऐकणारास तें ताडून पाहतां येईल. प्रार्थनेच्या वेळीं आमचीं मुलें दोन पुत्रांचा दृष्टान्त ऐकतात. त्यांतला एक बापास होकार देऊन कामावर गेलाच नाहीं. निदान त्यानें होकार दिला होता याबद्दल तेथें वाद नव्हता!

२०२४ मध्यें भाजपला १३२ जागा मिळाल्या. पुन्हां १४५ नव्हेत, पण शिवसेनेच्या ५७ व राष्ट्रवादीच्या ४१ मिळवून बळ २३० वर गेलें. आपल्या जिल्ह्यांतील चारी जागा त्याच महायुतीकडे गेल्या. गोंदियांत मागच्या खेपेचे अपक्ष विनोद अग्रवाल भाजपचे झाले होते व मागच्या खेपेचे भाजपचे उमेदवार गोपालदास अग्रवाल काँग्रेसचे. मतदारानें नांवें तींच ठेवून चिन्हें तेवढीं नव्यानें पाठ केलीं. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. एवढें प्रचंड बळ असूनहि मुख्यमंत्र्यांचा शपथविधि झाला तो ५ डिसेंबरला, आणि तोंवर आमच्याकडील खळ्यांत धानाचे पुंजणे रचूनहि झाले होते.