थांबायचं कुठे, बॉस?

तुमचं एखादं काम शेवटचं कधी संपलं होतं? संपलं म्हणजे खरंच संपलं हं! नाहीतर आपलं रोजचं ठरलेलंच. 'फायनल' नावाची फाइल पाठवायची, तासाभरात तिची 'फायनल-२' व्हायची आणि रात्री नऊला 'फायनल-फायनल-नवी'. वर्षभर राबून मार्चअखेर हातात काय, तर अप्रेझलचं एक पत्र. टेबलावर ठेवून चारी बाजूंनी बघावी अशी वस्तू आपल्यापैकी किती जणांच्या हातून होते?

दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मंडळी प्लॅस्टिकच्या स्केल मॉडेल्सच्या नादी लागतात, त्याचं एक कारण हे असावं. विमान, रणगाडा, जहाज, मोटारसायकल... खऱ्याची मापात लहान केलेली प्रतिकृती स्वतः जोडायची, रंगवायची आणि शोकेसमध्ये ठेवायची. घरच्यांना सुरुवातीला हे झेपत नाही. 'अरे, एवढे पैसे मोजलेस आणि आणलंस काय, तर तुकडे?' असा आईचा सवाल येतो. बायको जरा पोलाइट असते. ती फक्त विचारते, 'हे डायनिंग टेबलावर किती दिवस राहणार आहे?'

दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. पण आधी बॉक्स तर उघडू या.

सहा फुटांचा एक इंच

आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना म्हणायचं स्प्रू. चौकटीला बारीक देठांनी लटकलेले सुटे भाग, सोबत सूचनांचं पुस्तक आणि निशाण्या-नंबरांचं डिकॅलशीट. बॉक्सवरचा आकडा म्हणजे स्केल. १/७२ म्हणजे खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब इंच-फुटांचा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फुटी माणूस इथे बरोब्बर एक इंचाचा! १/४८ मध्ये एका फुटाचा होतो पाव इंच. रणगाड्यांच्या १/३५ ची गोष्ट तर धमाल आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून जो आकार ठरला तो साधारण १/३५ भरला. आज रणगाड्यांसाठी जगभर तेच स्टँडर्ड आहे. ऑफिसातल्या अर्ध्या पॉलिसी अशाच ठरत असतील, नाही का?

आता एकच उदाहरण धरून चालू या. मिग-२१. १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं नोकरी! यातली शेकडो विमानं नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे विमान ७.१५ मीटर. १/७२ मध्ये ते भरतं दहा सेंटिमीटरला जरासं कमी. म्हणजे अख्खं फायटर जेट तळहातावर उभं राहतं.

किट घेताना मात्र नुसतं 'मिग-२१ द्या' म्हणून भागत नाही. आधीचं एफएल वेगळं, नंतरचं एम वेगळं, त्याच्या नंतरचं बिस वेगळं. कॉकपिटच्या मागून शेपटीकडे जाणारा पाठीचा कणा एफएलला सडपातळ आहे, बिसला चांगलाच फुगलेला. बासष्ट वर्षांत पाठ अशी बदलणारच म्हणा!

गोंद कसला, वेल्डिंगच

या हॉबीतली पहिली गंमत म्हणजे इथला 'गोंद' मुळात चिकटवतच नाही. पातळ सिमेंट पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकला किंचित विरघळवतं. दोन भाग एकमेकांना लावून धरायचे आणि सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. सिमेंट आपोआप सांध्यातून धावत जातं, दोन्ही कडा विरघळून एक होतात आणि वाळल्यावर तिथे एकच तुकडा उरतो. त्यामुळे घाई चालत नाही. आज जोडलेलं उद्याच घासायचं. रात्रभर वाट बघणं हा कामाचाच भाग आहे, आणि त्यावर 'अर्जंट' असा शेरा मारता येत नाही!

विमानाची बॉडी बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन अर्ध्या भागांत येते. जोडल्यावर पाठीवरून एक रेघ जाते. खऱ्या विमानाला तशी रेघ कुठून असणार? मग तिथे पुट्टी भरायची. आपले पेंटर जिला लांबी म्हणतात तीच जातकुळी, फक्त फार बारीक दाण्याची. वाळली की वॉटर पेपरने घासायचं. आधी ४०० नंबर, मग ६००, मग १०००. डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी बोटाला ती रेघ लागते. बोटालाही लागेनाशी झाली की मग प्रायमर. प्रायमरचा करडा हात मारला की लपलेला प्रत्येक ओरखडा हजर! विशेषतः जुनं एफएल करणार असाल तर जपून. ती विमानं पूर्वी बिनरंगाची, उघड्या चकचकीत धातूची असत, आणि चंदेरी रंगाखाली काहीही लपत नाही.

रंगानंतर डिकॅल्स. इथे नवखे हमखास फसतात ते एका साध्या गोष्टीत. मॅट रंग मुळात खडबडीत असतो. त्यावर डिकॅल बसवलं की खाली हवा अडकते आणि निशाणीभोवती चांदीसारखी झाक येते. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, त्यावर डिकॅल आणि सगळं झाल्यावर हवं तर मॅट. ग्लॉस म्हणजे शेवटची चमक, हा आपला समज. इथे चमक मधेच येते आणि पुढे तिच्यावर पाणी सोडायचं असतं.

फट दोन सेंटिमीटरची

इथवर येणाऱ्याला खरी चटक लागते ती डिटेलिंगची. याचे पूर्वसुरीही मोठे. अमेरिकेच्या शेपर्ड पेनने १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटबरोबर येणाऱ्या पत्रकांतून डायोरामा कसे करायचे ते शिकवलं. बेल्जियमच्या फ्रांस्वा फेरलिंडेनने वॉश आणि ड्रायब्रश घराघरांत नेले. वॉश म्हणजे पातळ गडद रंग खाचांमध्ये उतरू देणं. ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं. एकाने सावली येते, दुसऱ्याने उजेड. झेक कंपनी एडुआर्ड तर पितळी पत्र्यातून कोरलेले सीटबेल्टसुद्धा विकते. चिमट्यात धरून श्वास रोखायचा. शिंक आली तर खेळ खलास!

आणि 'स्टार वॉर्स' पाहिलाय ना? १९७७ च्या त्या सिनेमातल्या यानांवरचं बारीक बारीक यंत्रकाम दिसतं, त्यात बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या किटचे असंख्य तुकडे चिकटवलेले आहेत. यान खोटंच होतं, त्यामुळे तिथे वाट्टेल तितकं डिटेल चालून गेलं.

आपलं विमान मात्र खरं आहे, आणि गणित इथेच सुरू होतं. विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांना पॅनल लाइन म्हणतात. मॉडेलवर ती रेघ ०.३ मिलिमीटर रुंद आहे समजा. अगदी बारीक वाटते. आता ७२ ने गुणा. २१.६ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानाच्या पत्र्यात दोन सेंटिमीटरहून मोठी फट! त्यात तुम्ही काळा कुळकुळीत वॉश भरलात की झालं. अशा विमानात कुठला पायलट बसेल हो? रंगाचा टवका म्हणून ब्रशने अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिलात तर तो खऱ्यावर ३६ मिलिमीटरचा. असे शंभर ठिपके दिले की विमान वापरातलं दिसायचं सोडून भंगारातलं दिसायला लागतं.

अंतराचंही तेच. मॉडेल एक फुटावरून बघताय म्हणजे खरं विमान ७२ फुटांवरून बघताय. तेवढ्या लांबून रिव्हेट किती दिसतील? मधल्या हवेमुळे गडद रंगही थोडे फिके, धुरकट दिसतात. म्हणून जाणकार मॉडेलर काळा रंग सरळ बाटलीतून काढून लावत नाहीत, त्यात चिमूटभर करडा मिसळतात.

मग करायचं काय? खरं विमान झिजतं कुठे ते बघायचं. मेकॅनिक रोज जिथे पाय देऊन चढतो ती पंखाची मुळाकडची जागा. सारखी उघडझाप होणारी झाकणं. शिडी टेकते ती कड. इंजिनाच्या तोंडाजवळचा तापून रंग बदललेला धातू. पोटाखाली ओघळलेलं तेल. टायरसुद्धा बघा. सगळ्या विमानाचं वजन पेलणारा टायर जमिनीला टेकतो तिथे किंचित चपटा असतो. मॉडेलचा टायर गोल गरगरीत ठेवला की विमान तरंगल्यासारखं वाटतं. वॉटर पेपरवर दोनदा घासलात की त्याला वजन येतं. आख्ख्या विमानावरच्या शंभर टवक्यांनी होत नाही, ते काम या दोन घाशांनी होतं.

शेपटीवरचा नंबर

एक गोष्ट मात्र घासकामाच्या पलीकडची. डिकॅलशीटवर शेपटीचे नंबर येतात. तुम्ही निवडलेला नंबर कुठल्या तरी एका खऱ्या विमानाचा असतो, आणि ते कुणीतरी उडवलेलं असतं. याच मिग-२१ नी १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली. आणि २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा जीव गेला. पराक्रम आणि अपघात, दोन्ही याच विमानाच्या खात्यावर आहेत.

म्हणून मुरलेले मॉडेलर आधी ठरवतात, की हे कोणतं विमान आणि कोणत्या वर्षातलं. कारखान्यातून नुकतं आलेलं? युद्धात घाईघाईने रंगवलेलं? की निवृत्तीच्या उंबरठ्यावरचं? एकदा हे ठरलं की काय करायचं आणि काय सोडायचं, ते फोटो सांगतो. फोटोत टवका नसेल तर मॉडेलवरही नाही, मग आपला नवा ब्रश कितीही शिवशिवत असो. डिटेलिंग जास्त करण्यात पैसे जातात, बेताचं करण्यात डोळे लागतात. आता ही विमानं आकाशात नाहीत. पुढच्या पिढीतला एखादा मुलगा तुमच्या शोकेससमोर उभा राहून विचारेल, 'काका, हे खरंच एवढं तुटकं असायचं?' तेव्हा त्याला खरं उत्तर देता यायला हवं.

आणि आईला सांगा, पैसे तुकड्यांचे दिले नाहीत. ते जोडताना गेलेल्या संध्याकाळींचे दिले. डायनिंग टेबलाबद्दल मात्र बायकोचंच बरोबर आहे. कोपऱ्यात एक छोटं टेबल घ्या!

किट घ्यायला निघालात?

• पहिलं किट १/७२ विमानाचं, कमी भागांचं घ्या. पितळी सीटबेल्ट तिसऱ्या-चौथ्या किटला.

• धारदार कटर, चिमटा, पातळ सिमेंट, वॉटर पेपर आणि दोन चांगले ब्रश. सुरुवातीला एवढं पुरे. एअरब्रश नंतर.

• तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या बऱ्याच जेट मॉडेल्सच्या नाकात वजन भरावं लागतं. बॉडी बंद करण्याआधी सूचना वाचा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल.

• सिमेंट, थिनर वापरताना खिडकी उघडी हवी. स्प्रे करताना मास्क हवाच. रेझिनचे भाग घासताना पाणी लावून घासा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

• किट विकत घेणं ही एक हॉबी आणि बनवणं ही दुसरी. कपाटात न उघडलेले सहा बॉक्स साठले असतील तर तुमची पहिली हॉबी जोरात चाललीय. आधी एक पूर्ण करा, मग सातवा घ्या.