उत्तरायण कोणत्या दिवशी?

दरवर्षी 14 किंवा 15 जानेवारीला गोमंतकातील गावोगावी संक्रांतीचा उत्सव होतो. सुगडे पुजली जातात, वाणे दिली जातात, तिळगूळ वाटला जातो. या आनंदाविषयी आमची काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती देवालयाच्या सभामंडपातून त्या दिवशी निःशंकपणे उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी : आज सूर्य उत्तरेकडे वळला! सूर्य आज वळलेला नसतो. 21-22 डिसेंबरलाच वळून त्याला तीन आठवडे लोटलेले असतात, आणि हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या पोराने मंडपात बसून काय समजावे?

याचे कारण अयनचलन. अयनबिंदू नक्षत्रचक्रात सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरतो. निरयन मकरारंभ आणि खरे उत्तरायण यांत आज सुमारे 24 अंशांचे अंतर पडले आहे. ‘शास्त्र बदलता येत नाही’ म्हणून हात झटकणाऱ्यांना आम्ही विचारतो, कोणते शास्त्र? वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठारंभी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्वच्छ सांगितले की पूर्वी तसे असेल, आता ते मकरारंभी होते; यात फरक पडला तर तो प्रत्यक्ष पाहून ठरवावा. ज्याच्या आधारावर आपण मकराला चिकटून बसलो, त्याचीच ही आज्ञा! शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली सायन मानाचाच पक्ष घेतला. 1957 साली आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही सौर पौष 22 डिसेंबरला, उत्तरायणाच्या तोंडाशीच, सुरू होतो.

संक्रांत डिसेंबरात ओढावी असे आमचे म्हणणे नाही. निरयन मकरसंक्रमण त्या दिवशी होते, ते तसेच साजरे व्हावे. पण संकल्पाचे काय? डिसेंबरअखेरीस देवापुढे पाणी सोडविताना जो पुरोहित ‘दक्षिणायने’ म्हणवितो, तो यजमानाच्या मुखी असत्य घालतो, तेही गर्भागाराच्या उंबऱ्याशी.

ज्यांना ग्रंथ नकोत त्यांनी देवळासमोरचा दीपस्तंभ पाहावा. फोंड्याच्या अक्षांशावर 30 फुटी स्तंभाची 22 डिसेंबरची माध्यान्हछाया सुमारे 24 फूट पडते. संक्रांतीपर्यंत ती दीड फुटाहून अधिक आखडते. महाजनांनी यंदा त्या छायेच्या टोकाशी प्रांगणात चुन्याची रेघ ओढवून घ्यावी. संक्रांतीच्या दुपारी पुराणिकबुवांना त्या रेघेवर उभे करावे, आणि मग बोलू द्यावे.